पाहुण्याचं कूळ विचारायलाच हवं

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये मेक्सिकोच्या संसदेत दोन पेट्या उघडल्या गेल्या. आत दोन वाळलेली, राखाडी, इवलीशी कलेवरं होती. डोकं लांबट आणि हातांना तीन-तीन बोटं. पेरूमध्ये सापडलेली ही शरीरं माणसाची नव्हेत असा दावा तिथे शपथेवर केला गेला आणि जगभर वाद पेटला. आपल्याकडचे व्हॉट्सॲप गटही त्यातून सुटले नाहीत. एक बाजू म्हणत होती, डोकं बघा, बोटं बघा, माणसाची अशी असतात का? दुसरी म्हणत होती, डीएनए दाखवा, कार्बन डेटिंग दाखवा. पुढे लिमाच्या विमानतळावर तशाच दोन बाहुल्या पकडल्या गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये पेरूच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी त्या तपासल्या आणि प्राण्यांची हाडं आजच्या कृत्रिम गोंदाने चिकटवून त्या केल्याचं जाहीर केलं. बहुतेकांच्या लेखी वाद तिथेच थंडावला.

पण प्रयोगशाळेत जाण्याआधी, नुसता फोटो बघून विचारता येण्याजोगा एक प्रश्न होता, आणि तो फार थोड्यांनी विचारला. दुसऱ्या ताऱ्याकडून आलेल्या जीवाला पाठीचा कणा कसा? बरगड्या कशा? खांद्याला एक हाड, कोपराखाली दोन, मग मनगट, मग बोटं, हीच रचना कशी? दोन डोळे, खाली नाक, त्याखाली तोंड, हाच क्रम कसा? हा सगळा संच म्हणजे सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी उथळ पाण्यात मांसल परांवर रेटा देत फिरणाऱ्या माशांकडून आपल्याला आलेला वारसा आहे. बेडूक, पाल, चिमणी, वटवाघूळ आणि आपण त्याचे वाटेकरी. ज्याच्याकडे तो आहे त्याची बोटं तीन असोत की तेरा, तो आपला भाऊबंद आहे. हे लोकांना खटकलं नाही, कारण कित्येक दशकांच्या कथा-सिनेमांनी परग्रहवासी असाच दिसतो हे डोळ्यांत भरवून ठेवलं आहे. तेव्हा परग्रहावरचा पाहुणा कसा रंगवावा हा प्रश्न मूठभर विज्ञानकथालेखकांपुरता उरलेला नाही.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. परग्रहावरच्या पाहुण्याचं मात्र पहिल्यांदा कूळच विचारायला हवं. तो किती विचित्र दिसतो यावर त्याची विश्वासार्हता ठरत नाही. त्याचे पूर्वज काय खात होते, त्यांना कोण खात होतं, पिल्लं कशी जगत होती, याचा हिशेब लागतो की नाही यावर ती ठरते. विज्ञानकथेतल्या जीवांबद्दलची चर्चा दोन टोकांना अडकली आहे. एका टोकाला 'गोष्टच तर आहे, शास्त्र कशाला' म्हणणारे आणि दुसऱ्या टोकाला 'दोन पाय दिसले की लेखक आळशी' म्हणणारे. दोघंही आकाराबद्दल भांडतात. आकार ही शेवटी ठरणारी गोष्ट आहे.

याला एक जुना दाखला आहे, आणि त्याची सुरुवात गोव्यात होते. १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून एक जहाज लिस्बनला निघालं. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाकडून पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला मिळालेला गेंडा त्यावर होता. मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. जर्मनीत न्यूरेंबर्गला राहणाऱ्या आल्ब्रेश्ट ड्यूरर या चित्रकाराने तो जन्मात पाहिला नाही. ऐकीव वर्णन आणि एक रेखाटन एवढ्या भांडवलावर त्याने गेंड्याचं लाकडी ठशाचं चित्र केलं. त्या गेंड्याच्या अंगावर रिबिटं मारल्यासारखे चिलखताचे पत्रे आहेत आणि मानेच्या मागे एक जादा शिंग आहे. न्यूरेंबर्ग हे चिलखतं घडवणाऱ्यांचं शहर. माहिती संपली तिथे ड्यूररने आपलं गाव भरलं. तरीही ते चित्र युरोपात दोनशेहून जास्त वर्षं गेंडा म्हणून चाललं, कारण बाकीचा प्राणी खरा वाटतो. पाय खांबासारखे आहेत, पोट जड आहे, आणि ते वजन त्या पायांवर खरोखर टेकलेलं आहे. आपले परग्रहवासी याच्या उलट निघतात. वजन कुठे टेकलंय याचा पत्ता नसतो आणि पत्रे तेवढे आपल्या गावचे. मोठं डोकं, किडकिडीत अंग, हे रूप तर परग्रहाचं नाहीच. ती एकोणिसाव्या शतकातल्या युरोपची भीती आहे: बुद्धी फुगत जाणार आणि शरीर सुकत जाणार. इंग्रज विज्ञानकथालेखक एच. जी. वेल्सने १८९३ मध्ये दहा लाख वर्षांनंतरच्या माणसाचं असंच चित्र रंगवलं होतं. पुढे तो माणूस परग्रहवासी म्हणून परत आला, एवढंच.

आता विरोधी बाजूचं म्हणणं. कल्पनेला हिशेबाच्या वहीत का कोंबायचं, हा आक्षेप मला हलका वाटत नाही. आपल्या कित्येक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला आहे. अंग सिंहासारखं, कधी पंख, पंजात हत्ती. शरभ काय खातो असं कुणी विचारत नाही, विचारणं अरसिकपणाचं ठरेल. पण शरभ आपण प्राणी असल्याचा दावाच करत नाही. तो दरवाजावर बसून सत्तेची गोष्ट सांगतो आणि ती चोख सांगतो. विज्ञानकथा मात्र वाचकाला बजावते की हे घडू शकलं असतं. तो आव आणला की हिशेबही गळ्यात आला. ज्याला तो नको असेल त्याने खुशाल शरभ लिहावा, आम्ही आवडीने वाचू. सिनेमावाल्यांचीही अडचण खरी आहे. वेशात माणूस घालावा लागतो, प्रेक्षकाला जीव लावायला चेहरा लागतो. परंतु कागदावर लिहिणाऱ्याची सबब काय? शब्दांत सातवा पाय काढायला पैसे पडत नाहीत. तरी आपल्या कथांतले पाहुणे सिनेमातलेच कपडे घालून येतात.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळा आहे. जीवसृष्टीचा एकच नमुना आपल्याला ठाऊक आहे. एका नमुन्यावरून 'शक्य' आणि 'अशक्य' ठरवणारे आपण कोण? १७९९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेलं प्लॅटिपसचं कातडं ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज शॉने पाहिलं, तेव्हा बदकाची चोच कुणीतरी शिवून बसवली असेल ही शंका त्याला सोडेना. केस आहेत, दूध आहे आणि अंडीही घालतो, यावर शिक्कामोर्तब व्हायला १८८४ साल उजाडलं. खऱ्या निसर्गाने ज्या परीक्षेत नापास व्हावं ती परीक्षा लेखकांना का लावायची?

शॉला जे खटकलं ते आधी पाहू. प्लॅटिपस त्याच्या वर्गीकरणाच्या कप्प्यांत बसत नव्हता. भौतिकशास्त्राचा एकही नियम त्या प्राण्याने मोडला नव्हता. चोच नदीच्या तळाशी अन्न शोधण्यासाठी, पडदे पोहण्यासाठी, नखं बीळ खणण्यासाठी. प्रत्येक अवयवाला पोटापाण्याचा उद्योग आहे. दिसायला अशक्य, जगायला शक्य. मी मागतो आहे ती परीक्षा प्लॅटिपस सहज पास होतो. मेक्सिकोतलं ते कलेवर मात्र दिसायला ओळखीचं असूनही नापास होतं.

शिवाय नमुना एक असला तरी त्याच्या पोटात प्रयोग पुष्कळ झालेले आहेत. उडण्याची कला कीटक, टेरोसॉर नावाचे लुप्त झालेले सरीसृप, पक्षी आणि वटवाघळं यांनी वेगवेगळी कमावली. शार्क, इक्थिओसॉर हे लुप्त झालेले सागरी सरीसृप आणि डॉल्फिन यांचं नातं दूरचं आहे आणि अंग एकाच घाटाचं, कारण पाणी कापायचं तर तोच घाट लागतो. डोळा कमीत कमी चाळीस वेळा स्वतंत्रपणे घडला असावा असा जीवशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. बाजारात मिळणाऱ्या माकलाचा डोळा उघडून पाहिला तर आपल्यासारखंच भिंग निघतं, फक्त त्यांच्या पडद्यामागची जोडणी आपल्यापेक्षा नीटनेटकी असते, म्हणून त्यांना अंधबिंदू नसतो. असं जे वारंवार घडलं ते परग्रहावर बिनधास्त वापरावं. जे एकदाच घडलं त्याला मात्र कारण द्यावं. पाच बोटं हा असाच एक योगायोग. अकँथोस्टेगा या आदिम चतुष्पादाला आठ बोटं होती. जीवाश्मांचे अभ्यासक सायमन कॉनवे मॉरिस म्हणतात, उत्क्रांती पुन्हा पुन्हा त्याच उत्तरांवर येते. त्याच क्षेत्रातले स्टीफन जे गुल्ड म्हणत, फीत मागे नेऊन पुन्हा चालवली तर वेगळंच जग दिसेल. लेखकाला या दोघांत निवाडा करायची गरज नाही. पोहणाऱ्याचा घाट पहिल्याकडून घ्यावा, बोटांची संख्या दुसऱ्याकडून.

एका नमुन्याची अडचण खऱ्या विज्ञानालाही चुकत नाही. २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या एका बलूनने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. डॉ. जयंत नारळीकर त्या प्रयोगाचे प्रमुख होते. त्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या आणि एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांचं नाव दिलं गेलं. ते जीव बाहेरून आले असा निष्कर्ष मात्र त्या प्रयोगातून काढला गेला नाही. आणि हेही खरं की ते ओळखू आले ते त्यांचा डीएनए आपल्या ओळखीच्या जिवाणूंशी ताडून. डीएनएच नसलेला पाहुणा त्या जाळ्यातून गळून गेला असता. शास्त्रज्ञांना हे कळतं, म्हणून ते जपून बोलतात. कथालेखकाला मात्र त्या गळालेल्याची गोष्ट सांगायची मोकळीक आहे, आणि तीच तो वापरत नाही.

हिशेब म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगतो. २००३ च्या एका हिंदी सिनेमातला निळा पाहुणा ऊन मिळालं की ताजातवाना होई. पोरांना तो फार आवडला, मलाही आवडला. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट ऊर्जा पडते. एवढ्याशा देहाची उन्हाकडची बाजू अर्धा चौरस मीटर धरली तर ५०० वॉट. बहुतेक पिकं त्यातली जेमतेम एक-दोन टक्के साठवतात, म्हणजे हाती पाच-दहा वॉट, तेही भर दुपारी. दिवसाला २००० कॅलरी खाणारा माणूस सरासरी १०० वॉटच्या आसपास चालतो. उन्हावर जगणारा चळवळ्या प्राणी या आकड्यांत बसत नाही. मग काय बसतं? एलिशिया नावाची एक समुद्री गोगलगाय शैवालातली हरितलवकं, म्हणजे उन्हातून अन्न करणारे पेशीतले हिरवे कण, चोरून आपल्या अंगात वापरते. तिचं अंग पानासारखं पसरट आहे आणि तिला कसली घाई नसते. उन्हावर जगायचं तर पान व्हावं लागतं. असा पाहुणा आला तर अंगणात पसरून बसेल, एका वाक्याला सकाळ घालवेल आणि ढग आले की बोलणं तोडेल. नाचणाऱ्यापेक्षा हे पात्र मला जास्त गोष्ट देणारं वाटतं, आणि ते आकडेमोडीतून निघालेलं आहे.

डोंगराएवढ्या राक्षसांचा निकाल गॅलिलिओने १६३८ मध्येच लावला. उंची दहापट झाली की वजन हजारपट होतं, हाडाची जाडी मात्र शंभरपटच वजन पेलते. कार्बनऐवजी सिलिकॉनचा देह दाखवणाऱ्यांनी एवढंच सांगावं: कार्बन जळून वायू होतो, तो आपण उच्छ्वासात टाकतो. सिलिकॉन जळून वाळू होते. तुमचा पाहुणा ती कुठून टाकणार?

आणि तो पाहुणा आहे, नुसता परग्रहवासी नव्हे. त्याला दोन घरचे नियम पाळावे लागतात, जिथे घडला तिथले आणि जिथे आला तिथले. माणसं खायला आलेले पाहुणे इथेच अडखळतात. अमिनो आम्लं या प्रथिनांच्या विटा, आणि त्या डाव्या-उजव्या हातांसारख्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रूपांत असतात. आपली प्रथिनं डावखुऱ्या अमिनो आम्लांची आहेत. त्याची उजवी असतील तर आपलं मांस त्याला पचायचं नाही, ताट समोर आणि पोट रिकामं. अवकाशात अमिनो आम्लं आहेत हे खरं, १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केत ती डझनावारी सापडली. तेव्हा विटा सारख्या निघू शकतात. पण हात जुळणं, रचना जुळणं हा पुढचा प्रश्न. पाण्यासाठी पृथ्वीवर स्वारी हाही तसाच वेडेपणा. गुरूच्या युरोपा या चंद्राच्या बर्फाखाली आपल्या सगळ्या समुद्रांहून जास्त पाणी असावं असा अंदाज आहे, आणि तिथे विरोध करायला लष्कर नाही.

वेल्सने १८९८ च्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीत पृथ्वीवर चाल करून आलेल्या मंगळवासीयांना आपल्या जिवाणूंकडून मारलं. हे थोतांड आहे असं म्हणायची आता फॅशन आहे: परका देह, परकी रसायनं, रोग लागेलच कसा? विषाणूंच्या बाबतीत ते बरोबर आहे. विषाणूला यजमानाच्या पेशीतली यंत्रणा आपली आज्ञा वाचणारी लागते, परक्याची ती वाचणार नाही. पण बुरशीला असलं काही लागत नाही. कोकणात एक पावसाळा कॅमेरा कपाटात विसरून पाहा, लेन्सच्या आत बुरशीचे पांढरे धागे फुटलेले दिसतात. काचेवरच्या नखभर मळावर तिचा संसार चालतो. उजव्या अमिनो आम्लांची ओळख जिवाणूंना आजही आहे, त्यांच्या पेशीभित्तिकेत ती असतात. पाहुण्याला आपला फ्लू होणार नाही. श्रावणात त्याच्या दमट सांध्यांत बुरशी मात्र धरू शकेल, आणि तिच्याशी लढायला त्याच्या शरीराला काही ठाऊक नसेल. टी. एच. हक्सलेंच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेला वेल्स टीकाकारांना वाटतो तितका चुकलेला नाही.

नुसत्या चुका दाखवणं सोपं, म्हणून एक कूळ मांडून दाखवतो. ठाण्याच्या किंवा वसईच्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यावर निवट्या फिरताना दिसतात. मासाच, पण पुढच्या परांवर रेटा देत सरपटतो. डोळे डोक्याच्या वर, टपोरे. ओलावा हवा झाला की ते खाली खोबणीत ओढून घेतो आणि पुन्हा वर काढतो. कातडीतून श्वास घेतो, म्हणून मधूनच चिखलात लोळून अंग ओलं करतो. कोळणींच्या पाटीत तो कालवणाचा मासा आहे. मला त्याची सगळ्यात नवलाची गोष्ट चिखलाखाली वाटते. काही जातींत अंडी बिळातल्या एका कप्प्यात, हवेत वाढतात. भोवतीच्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतो. म्हणून बाप वर येतो, तोंडात हवा भरतो, खाली जाऊन कप्प्यात सोडतो, पुन्हा वर येतो.

आता मोठा चंद्र, प्रचंड भरती-ओहोटी आणि क्षितिजापर्यंत चिखल असलेला एक ग्रह घ्या, आणि या सवयीला काही कोटी वर्षं द्या. त्यांना हाताचं काम करणारं काहीतरी फुटलं, कशापासून ते ठरवावं लागेल, माझ्या मते ओठांपासून. आयुष्य लांबलं, कारण ऑक्टोपसचं बघा. ५० कोटींच्या घरात चेतापेशी, पण बहुतेक जातींत आयुष्य वर्ष-दोन वर्षांचं, आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत आई मरते. शिकवायला कुणी उरत नाही. आमच्या चिखलवाल्यांत बाप जगतो. विस्तव ही त्यांची मोठी अडचण: धातू गाळायचा तर आग हवी आणि अंग कोरडं पडलं की मरण. लोहार ओल्या आवरणात काम करणार, त्याला मान असणार आणि त्याच्यापासून लोक चार हात दूरही राहणार. आणि अंतराळ? जिथे हवा नाही तिथे हवा नेणं हे त्यांचं सगळ्यात जुनं वात्सल्य आहे. आपल्याला यान म्हणजे पराक्रम वाटतो, त्यांना ते बीळ वाटेल. यानात हवा भरणाऱ्याला त्यांच्या भाषेत बाप म्हणत असतील. पृथ्वीवर आले तर ते कुठल्या राजधानीच्या हिरवळीवर उतरणार नाहीत, ओहोटीची वेळ बघून खाडीत उतरतील. आपण हात पुढे केला आणि त्यांनी तोंडातली हवा आपल्या तोंडावर सोडली, तर पहिल्याच भेटीत केवढा गैरसमज! यातली एकही गोष्ट मी विचित्रपणा हवा म्हणून घातलेली नाही. ती बिळातून निघाली.

एक आक्षेप उरतो आणि तो आजकाल फार ऐकू येतो: इतके पुढारलेले लोक स्वतः येतीलच कशाला? यंत्र पाठवतील, नाहीतर स्वतःचं शरीर हवं तसं घडवून घेतील. शक्य आहे, कदाचित तेच जास्त संभवतं. पण यंत्र पाठवून आपण काय लपवू शकलो? १९७७ मध्ये अंतराळात गेलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. ५५ भाषांतल्या अभिवादनांत मराठीही आहे, आणि गोव्याच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवीही. त्या यानांत माणूस बसलेला नाही, पण ती तबकडी हाती घेणाऱ्याला आपल्या देहाबद्दल किती कळेल! हवेतली कंपनं ऐकणारे हे जीव आहेत, अमुक पट्ट्यातलीच ऐकतात. चित्रं रेषांनी काढतात, म्हणजे कडा पाहणारे डोळे आहेत. केसरबाईंची तान एका लांबीपर्यंत जाते आणि थांबते, पुन्हा उठते. ती लांबी फुप्फुसाची आहे. त्यांचं यंत्र आलं तरी त्याच्यावर त्यांच्या श्वासाची मापं अशीच उमटलेली असणार. तेव्हा 'यंत्र येईल' एवढ्या उत्तरावर लेखकाची सुटका नाही. त्या यंत्राची झडप केवढी, कळा किती अंतरावर, इशारा रंगाने द्यायचा की हादऱ्याने, हे लिहायला बसला की त्या झडपेतून आत-बाहेर करणारं अंग त्याला आधी ठरवावंच लागेल.